लाकडाला तेल द्यायचंय? मग पंप पारखून घ्या!

मैत्रिणींनो, ‘फवारणीचा पंप’ हे शब्द वाचून तुम्ही पान उलटणार असाल, तर जरा थांबा. पंप, नोझल, वॉशर हा काय आपला विषय? तो यांचा, नाहीतर सुताराचा, असं मीही म्हणत होते. पण घरातलं लाकूड पुसतं कोण? आपणच! मग ते कुजायला लागलं तर आधी आपल्यालाच कळायला हवं. मला ते कळलं नाही, आणि त्याची किंमत माझ्या लेकीनं मोजली.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. जुनं, दोन मजली. माडीला पुढच्या अंगानं लाकडी गॅलरी आहे, वीस फूट लांब आणि पाच फूट रुंद. संध्याकाळी सासूबाई तिथं निवडणटिपण करतात, मी शाळेच्या वह्या तपासते, मुलं तिथंच खेळतात. आमच्याकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोही आडवा! चार महिने गॅलरीचं लाकूड ओलं ते ओलंच.

जुलै २०२२ मधली गोष्ट. मुलगी धावत आली, पाय टेकला आणि फळी मोडून गुडघ्यापर्यंत पाय आत गेला. नशीब की पाय फक्त खरचटला. खालून पाहिलं तर फळीचा नुसता भुसा झालेला. वरून मात्र व्हार्निश कसं चकचकीत! सुतार म्हणाला, “वहिनी, या तीन फळ्या आंब्याच्या आहेत, मागं कुणीतरी दुरुस्तीत घातलेल्या. आणि हे चकचकीत काम उघड्यावर चालत नाही. उन्हानं त्याला चिरा पडतात, चिरेतून पाणी आत जातं आणि वरच्या थरामुळं ते सुकत नाही. आतल्या आत लाकूड सडतं.”

म्हणजे ज्या चकाकीचा मला अभिमान होता, तिनंच घात केला होता. पावसानंतर फळ्या बदलल्या, जुनं व्हार्निश घासून काढलं. आता वर थर न धरता लाकडात मुरणारं काहीतरी द्यायचं ठरलं. सासूबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी लाकडाला उंडीचं किंवा काजूच्या टरफलांचं तेल देत. काजूचं तेल अंगावर उततं, त्यामुळं ते काम गडीमाणसंच करायची. आता दुकानात जवसाच्या तेलाची मिश्रणं आणि तयार वूड स्टेन, सीलर मिळतात. स्टेन म्हणजे लाकडाला रंगाची झाक देणारं आणि उन्हापासून सांभाळणारं, तर सीलर म्हणजे पाणी आत शिरू न देणारं. कित्येकदा दोन्ही एकाच डब्यात असतात.

स्वस्ताई अंगाशी आली

शंभर चौरस फूट जमीन, शिवाय गॅलरीवरची तक्तपोशी. ब्रशनं मान मोडेल, म्हणून माझ्या पगारातून पंप घ्यायचं ठरवलं. हे म्हणाले, “घरात ब्रश आहे की!” अर्थात ब्रश यांना मारायचा नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

बाजारातून कुंड्यांवर पाणी मारायचा एक स्वस्तातला पंप आणला. अर्ध्या तासात त्याचा रबरी वॉशर तेलानं फुगला, दट्ट्या अडकला आणि तेल नळीऐवजी माझ्या कोपरावरून ओघळू लागलं. अर्धा डबा फरशीवर! मग शेजारच्या बागायतदारांकडचा आंब्यावर फवारायचा पाठीवरचा पंप आणायला निघाले, तर सासूबाई आडव्या आल्या. “अगं, त्यात विषारी औषधं असतात. आपण तिथं भाजी निवडतो!” अगदी खरं होतं. कीटकनाशकाचा, विशेषतः तणनाशकाचा पंप कितीही धुतला तरी त्याचा अंश नळीत, वॉशरात राहतो. तो घरात आणू नये, आणि तेलाला वापरलेला पंप पुन्हा झाडांवरही मारू नये. शेवटी त्या वर्षी ब्रशनंच काम उरकलं, आणि मी कानाला खडा लावला की आधी चौकशी, मग खरेदी!

डिसेंबरात आमच्या वन्सं न्यू जर्सीहून आल्या. त्यांच्याकडं घराच्या मागं लाकडी डेक असतो, म्हणजे आपल्या गॅलरीसारखाच उघडा लाकडी ओटा. बर्फ, पाऊस, ऊन सगळं त्यावर पडतं, म्हणून दोन-तीन वर्षांनी त्याला स्टेन आणि सीलर द्यावंच लागतं. तिथं माणूस लावणं महाग, म्हणून ते दोघं नवराबायको स्वतःच फवारतात. त्यांनी सांगितलेलं आणि मी इथं करून पाहिलेलं, असं दोन्ही मिळून पुढं देते आहे.

कोणता पंप कशासाठी?

हाताच्या चापाची बाटली : खुर्ची, पाट, छोटी चौकट एवढ्यापुरती ठीक. गॅलरीला बोटं दुखून येतील.

दट्ट्यानं हवा भरायचा पंप : दोन लिटरपासून आठ-दहा लिटरपर्यंत मिळतो. हवा भरली की चाप दाबून नुसतं मारत जायचं. वीज लागत नाही, दाब कमी असतो, त्यामुळं तेल फार उडत नाही. आपल्या घरगुती कामाला हाच उत्तम. यात पातळ तेल आणि पाण्यासारखं सीलर छान चालतं. दाट व्हार्निश किंवा रंग मात्र चालत नाही, लगेच तुंबतो.

पाठीवरचा पंप : सोळा लिटरचा भरला की वीस किलोच्या घरात जातो. नवा कोरा घेतला तरी एका गॅलरीसाठी हे ओझं कशाला?

विजेची स्प्रे-गन : कपाटं, दारं यांवर गुळगुळीत काम होतं. पण तुषार फार बारीक उडतो आणि उघड्यावर वाऱ्यानं अर्धा वाया जातो.

एअरलेस यंत्र : रंगाऱ्यांचं काम. मोठ्या इमारतींना ठीक. याचा दाब एवढा प्रचंड असतो की नोझल बोटाशी धरलं तर रंग कातडीखाली घुसतो. वरून जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीनं दवाखाना गाठावा लागतो. घरात मुलं असताना या वाटेला जाऊ नये.

दुकानात हे पाच प्रश्न विचारा

१. “तेल आणि टर्पेंटाइन चालेल असे वॉशर आहेत का?” साधं रबर फुगतं. विटॉनचे किंवा नायट्राइलचे वॉशर लागतात. सुटे वॉशर मिळतात का, हेही विचारा. दुकानदार “सगळं चालतं हो ताई” म्हणाला, तर पंपाच्या खोक्यावर तसं लिहिलेलं दाखवा म्हणावं.

२. “नोझल कुठलं?” औषधफवारणीचं नोझल शंकूसारखा गोल तुषार देतं. फळ्यांना पंख्यासारखा चपटा पट्टा देणारं हवं, म्हणजे फळीवर सारखं बसतं. नोझल बदलता येत असेल तर उत्तम.

३. “माप केवढं?” पंपात हवेला जागा लागते, म्हणून तो पाऊण भागापेक्षा जास्त भरायचा नाही. पाच लिटरच्या पंपात साडेतीन लिटर धरा. एक लिटर तेल साधारण शंभर चौरस फुटांना पुरतं, पण जुनं खरखरीत लाकूड जास्त पितं. आमच्या गॅलरीच्या जमिनीनं पहिल्या हाताला दीड लिटर घेतलं.

४. “हवा सोडायची चावी आहे का?” काम संपल्यावर झाकण उघडण्याआधी आतला दाब सोडावा लागतो. ती सोय नसेल तर झाकणासकट तेल तोंडावर यायचं.

५. “नळी आणि दांडी कशाची?” पितळेची किंवा स्टीलची दांडी टिकते. दांडी लांब असली की कंबर वाकवावी लागत नाही. आपल्या कमरेचाही विचार आपणच करायचा!

घरी आणल्यावर आधी साधं पाणी भरून जुन्या वर्तमानपत्रावर मारून पाहा. पट्टा सारखा पडतो का, सांध्यातून गळतं का, हे लगेच कळतं. बिघाड असेल तर बदलूनही घेता येतो. मात्र तेल भरण्याआधी पंप आतून पूर्ण सुकवा.

काम कसं करायचं?

लाकूड धुऊन दोन-तीन दिवस कडक सुकू द्या. मग त्यावर पाण्याचे चार थेंब टाका. मुरले तर लाकूड तयार आहे. थेंब तसेच उभे राहिले, तर जुना थर शिल्लक आहे, पुन्हा घासा. आमच्याकडं हे काम एप्रिलात करतात. वळिवाच्या आत उरकायचं आणि भर उन्हात करायचं नाही, नाहीतर तेल मुरण्याआधीच सुकतं. वारा नसलेली सकाळ पाहा. भिंती, तुळस, कुंड्या जुन्या चादरींनी झाका. डब्यावरची सूचना नीट वाचा आणि त्यात सांगितल्याशिवाय काही मिसळू नका.

नोझल फळीपासून वीतभर ते फूटभर वर धरा. एका वेळी दोन-तीन फळ्या घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जा. मध्येच थांबलात तर डाग दिसतो. आणि आता खरी खुबी ऐका. फवारलं म्हणजे काम झालं नाही! मागोमाग दुसऱ्यानं ब्रश फिरवून तेल रेघांच्या दिशेनं जिरवायला हवं. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल फडक्यानं पुसून घ्यायचं, नाहीतर तिथं चिकटा राहतो. आमच्याकडं मी पंप मारते आणि हे मागून ब्रश मारतात. “घरात ब्रश आहे की!” हे यांचंच वाक्य मी यांना परत केलं.

कठड्याच्या बारीक गजांना मात्र पंप लावू नका. दोन गजांच्या मधल्या पोकळीतून निम्मं तेल अंगणात जातं. तिथं जुना ब्रशच खरा.

मास्क, चष्मा, हातमोजे घालाच. तेलात टर्पेंटाइनसारखं काही असेल तर तुषार पेट घेऊ शकतो. जवळ शेगडी, उदबत्ती, देवापुढचा दिवाही नको. सुताराला विडीसाठी खाली अंगणात पाठवा. काम झालं की दाब सोडून, तेलाचा पंप टर्पेंटाइननं आणि पाण्यातल्या सीलरचा साबणपाण्यानं लगेच धुवा. नोझलात टाचणी खुपसू नका, भोक मोठं होतं. जुना दात घासायचा ब्रश वापरा.

आणि हे विसरू नका

एप्रिल २०२३ मध्ये सगळं छान झालं. गॅलरी अशी खुलली की येणारंजाणारं थांबून पाहत होतं. दमून मी तेल पुसलेली फडकी एका पिशवीत कोंबली, पिशवी जिन्याखाली ठेवली आणि झोपले. रात्री सासूबाईंनी हाक मारली, “अगं, काहीतरी जळतंय.” मी म्हटलं, शेजारी कुणी पाला पेटवला असेल. पण त्या ऐकेनात. जाऊन पाहिलं तर पिशवीतून धूर येत होता. फडक्यांचा गोळा आतून निखाऱ्यासारखा झालेला. काडी लावली नव्हती, वीज नव्हती, काही नाही. आणि वर सगळा लाकडी जिना! यांनी चिमट्यानं पिशवी ओढून अंगणात नेली आणि वर बादल्या ओतल्या.

शाळेत विज्ञानाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, जवसाचं तेल सुकतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू घेतं आणि त्यातून उष्णता निघते. फडकं पसरलेलं असलं की ती निघून जाते, गोळा केला की आत कोंडते आणि वाढत वाढत पेट घेते. म्हणून अशी फडकी एकेक करून बाहेर मोकळ्यावर, जमिनीवर पसरून वाळवा. तसं जमत नसेल तर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. कचऱ्याच्या टोपलीत, पिशवीत, जिन्याखाली कधीही नाही.

तेव्हापासून आमच्याकडं तेलाचं काम निघालं की सासूबाई फडकी मोजून देतात आणि मोजून परत घेतात. अंगणात कुंपणाजवळ ती त्या स्वतः पसरतात. मी आधी मनात हसायचे. आता मोजणीला मीही त्यांच्याशेजारी उभी राहते.

तुमच्या घरी गॅलरी नसेल, पण झोपाळा असेल, लाकडी जिना असेल, बंगईची कडी अडकवलेली तुळई असेल. या सुट्टीत एकदा खालून वाकून पाहा, बोटानं दाबून पाहा. वरच्या चकाकीवर जाऊ नका. आमच्या गॅलरीवर आता ती चकाकी नाही, पण मुलगी तिथं धावते तेव्हा मी वहीतून मान वर करत नाही.