सोडावॉटरमध्ये सोडा असतो का?

प्रश्न सोपा वाटतो ना? आमच्या वर्गात विचारला तेव्हा निम्मी मुलं म्हणाली, "असणारच मॅडम, नाहीतर तसं नाव कशाला पडलं?" उरलेली गप्प बसली. मॅडम मुद्दाम विचारताहेत म्हणजे यात काहीतरी गोम आहे, हे त्यांनी ओळखलं होतं!

गोम आहेच. आई भज्यांच्या पिठात चिमूटभर टाकते तो खाण्याचा सोडा साध्या सोडावॉटरमध्ये असायलाच हवा असं नाही. पाणी आणि त्यात दाबून भरलेला कार्बन डायऑक्साइड वायू, एवढ्यावर सोडावॉटर तयार होतं. आपण उच्छ्वासावाटे बाहेर टाकतो तोच हा वायू. आता तर मिक्सरएवढं एक यंत्र ओट्यावर ठेवून घरच्या घरीही सोडा करता येतो. शहरांत काही घरांमध्ये ते दिसू लागलंय. त्याची जाहिरात पाहून खारपाणपट्ट्यातल्या एका पालकांनी मला विचारलं, "मॅडम, हे यंत्र घेतलं तर आमचं खारं पाणी पिण्याजोगं होईल का हो?" त्यांना उत्तर द्यायचं तर आधी यंत्राच्या पोटात काय चालतं ते बघायला हवं. त्याआधी थोडं नावाबद्दल.

सोडा म्हणजे एक प्रकारचा खार. आपल्या बुलढाणा जिल्ह्याला खार काही नवा नाही. लोणारचं सरोवर तुमच्यापैकी पुष्कळांनी सहलीत पाहिलं असेल. फार प्राचीन काळी आकाशातून उल्का आदळली आणि जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला, त्यात हे पाणी साठलंय. या पाण्यात धुण्याच्या आणि खाण्याच्या सोड्याच्या जातीचे क्षार विरघळलेले आहेत. तांबडा लिटमस कागद त्यात बुडवला तर निळा होतो. अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी' या ग्रंथातसुद्धा या भागात साबण आणि काच करायला लागणारं साहित्य मिळतं अशी नोंद आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही लोणारच्या खाराला गिऱ्हाईक होतं! (आता मात्र तिथला खार उचलून आणायचा नाही बरं का. तो परिसर अभयारण्य आहे, आणि २०२० मध्ये सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला आहे.)

या खाराच्या आत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. लिंबू पिळा, की तो सुटलाच! एका रिकाम्या बाटलीत दोन-तीन लिंबांचा रस घाला. एका फुग्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा भरा. फुग्याचं तोंड बाटलीच्या तोंडावर नीट चढवा आणि मग फुगा उभा करून सोडा खाली पडू द्या. फसफस फसफस... आणि फुगा आपोआप फुगू लागतो. न फुंकता! हा प्रयोग फुगा लावूनच करायचा. बाटलीला घट्ट बूच मारून कधीही करू नका. वायूला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर बाटली फुटते, आणि फुटलेली बाटली डोळा पाहत नाही की हात.

असा वायू पाण्यात मुरवण्याचा उद्योग केला तो इंग्लंडच्या जोसेफ प्रिस्टले यांनी. १७६७ साली ते लीड्स गावात दारूच्या एका भट्टीशेजारी राहत होते. आंबवणाच्या मोठ्या पिंपावर एका वायूचा थर तरंगत असतो, हे त्यांच्या लक्षात आलं. जळती काडी त्यात धरली की विझायची. मग त्यांनी काय करावं? दोन भांडी घेऊन त्या थरातच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहिले, आपण गरम चहा निववतो ना, अगदी तसं. थोड्या वेळाने पाण्याला चुणचुणीत, आंबूस चव आली. पुढे खडूवर आम्ल टाकून वायू तयार करायची रीत त्यांनी १७७२ मध्ये पुस्तिका काढून सगळ्यांना सांगून टाकली. खलाशांना होणारा स्कर्व्ही हा रोग या पाण्याने बरा होईल, अशी त्यांना आशा होती. तसं काही झालं नाही, कारण स्कर्व्ही होतो 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने. प्रिस्टलेंनी यातून पैसे मिळवले नाहीत. ते मिळवले जिनिव्हाच्या याकोब श्वेपे या जवाहिऱ्याने. त्याने १७८३ मध्ये या पाण्याचा कारखानाच काढला. त्या सुरुवातीच्या काळात पाण्यात खरोखरच थोडा सोडा घालत. तो पुढे गेला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

पाण्यात वायू भरला, पण तो बाटलीत टिकायचा कसा? बूच उडायचं. १८७० नंतरच्या दोन-चार वर्षांत हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने नामी युक्ती काढली. बाटलीच्या गळ्यातच काचेची गोटी! आतल्या वायूनेच ती गोटी वर रेटायची आणि तोंडाशी बसवलेल्या रबराच्या कड्याला घट्ट दाबून धरायची. म्हणजे पळून जाऊ पाहणाऱ्या चोरानेच दाराला आतून पाठ लावून बसावं, तसं झालं. यात्रेत सोडावाला अंगठ्याने किंवा लाकडी खुंटीने गोटी आत ढकलतो, 'टप्प' आवाज होतो आणि फेस उसळतो. हीच ती कॉडची बाटली. आपल्याकडे सोड्याचा धंदा वाढवला तो बहुतेक पारशी आणि इराणी मंडळींनी. पुण्याच्या कॅम्पातले आर्देशीर १८८४ पासूनचे, मुंबईचे ड्यूक्स १८८९ पासूनचे. तुमच्या आजोबांना विचारा, गोटीसोड्याची एक तरी आठवण निघेलच!

आता ओट्यावरचं यंत्र. याचीही आजी-पणजी होती. साहेबांच्या काळात बड्या घरांत जाड काचेचे सायफन असत. त्यांना बोटाएवढी पोलादी नळकांडी लावायची. एका नळकांड्यात आठ ग्रॅम वायू, आणि त्यात एक लीटर सोडा. आठ ग्रॅम म्हणजे किती थोडं, असं वाटलं ना? पण तोच वायू मोकळा सोडला तर साधारण साडेचार लीटर जागा व्यापतो. एक लीटर पाण्यात साडेचार लीटर वायू कोंबायचा, म्हणजे शाळा सुटल्यावर एसटीत चढणाऱ्या मुलांसारखंच की! दाब द्यावाच लागतो.

नव्या यंत्रात नळकांड्याऐवजी छोटा सिलिंडर बसवतात. त्यात चारशे ग्रॅमच्या आसपास वायू असतो आणि तो इतका दाबलेला, की काही भाग चक्क द्रव झालेला असतो. यंत्राच्या जाड प्लॅस्टिक बाटलीत खुणेपर्यंत थंडगार पाणी भरायचं, बाटली बसवायची आणि बटण थोडं थोडं थांबून दाबायचं. एक बारीक नळी पाण्यात वायू सोडते. दाब जास्त झाला की झडप उघडून फुर्रर्र आवाज येतो. झाला सोडा. विजेची गरज बहुतेक यंत्रांना लागत नाही, आणि भारनियमनाची सवय असलेल्या आपल्या गावांना हे सोयीचंच म्हणायचं.

पाणी थंडगारच का? कारण थंड पाण्यात वायू जास्त मुरतो. शून्य अंशाजवळचं पाणी, २५ अंशांच्या पाण्यापेक्षा दुपटीहून जास्त कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. मे महिन्यात टाकीतलं पाणी थेट यंत्राला लावलं तर वायू फुकट जाईल. आणि यंत्रात फक्त साधं पाणी घालायचं. सरबत, रस, साखर घालून बटण दाबलं तर असा फेस उसळतो, की ओटा, भिंत आणि आईचा राग, तिन्ही आवरता येत नाहीत. लिंबू, सैंधव, जिरेपूड सगळं नंतर, तेही हळूच.

पालकांसाठी इथे दोन शब्द. सिलिंडरच्या आत २० अंशांना हवेच्या दाबाच्या सत्तावन्न पट दाब असतो, आणि तापमान वाढलं की तो झपाट्याने वाढतो. बुलढाणा शहर घाटावर असल्याने जरा थंड, पण घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो. तेव्हा सिलिंडर शेगडीजवळ, उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवू नये. यंत्राच्या बाटलीवर वापरायची मुदत छापलेली असते, ती पाहावी. ती बाटली उकळत्या पाण्याने धुवू नये. आणि घ्यायच्या आधी दुकानदाराला स्पष्ट विचारावं, रिकामा सिलिंडर बदलून कुठे मिळेल? तालुक्याच्या गावी सोय नसेल तर महागाचं यंत्र ओट्यावर धूळ खात बसेल. माझं मत विचाराल तर महिन्यातून दोनदा सोडा पिणाऱ्या घराने हा खर्च करू नये.

मात्र रोज रंगीत बाटल्या येणाऱ्या घरात यंत्राचा उपयोग आहे. ३०० मिलीलीटरच्या गोड कोलापेयात साधारण तीस ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे चहाचे सात-आठ चमचे! नुसत्या सोड्यात साखर शून्य. चुणचुण तीच, कारण ती येते पाण्यात वायू मिसळून होणाऱ्या सौम्य आम्लामुळे.

आता त्या पालकांचा प्रश्न. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि आपला बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या मुलांना वेगळं सांगायला नको. विहिरीचं, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि या गावांतून किडनीच्या आजारांच्या तक्रारी वर्षानुवर्षं ऐकू येतात. त्या पाण्यात वायू भरला तर काय होईल? आंबूस चवीमागे खारटपणा थोडा लपेल. क्षार मात्र जिथल्या तिथेच राहतील. हे यंत्र पाण्यात भर घालतं, पाण्यातून काहीच काढत नाही. क्षारही नाही आणि जंतूही नाहीत. उकळल्यानेसुद्धा जंतू मरतात, पण क्षार जात नाहीत. उलट पाणी आटतं तसं ते जास्त दाट होतात. क्षार काढायला आरओसारखं यंत्र लागतं, नाहीतर धरणाचं गोडं पाणी नळाने यावं लागतं. हे मी त्या पालकांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आधी नळाचंच बघायला पाहिजे, मॅडम."

आता तुमच्यासाठी एक काम. दोन पेले घ्या. एकात फ्रीजमधला गार सोडा, दुसऱ्यात बाहेर ठेवलेला. नुकत्याच उघडलेल्या बाटल्या हव्यात. प्रत्येकात एक-एक मनुका टाका. मनुका तळाशी जाईल, तिच्या सुरकुत्यांना बुडबुडे चिकटतील आणि ती वर येईल. वर आल्यावर बुडबुडे फुटतील, की बाई पुन्हा खाली! किती वेळा वर आली ते दर मिनिटाला वहीत मांडा. कोणत्या पेल्यातली मनुका आधी थकते आणि का, ते वर्गात सांगा. मनुका मिळाली नाही तर शेंगदाणा टाकून बघा.