ब्लॅक सिक्सचा तिसरा दिवस

सकाळी ६.४०. डोंबिवलीहून परळला जायचं, म्हणून आधी उलटं कल्याणला. तिथून रिटर्न आलं तरच खिडकी मिळते. डोंबिवलीत चढणाऱ्याला पाय ठेवायला जागा मिळाली तरी खूप. १८९७ च्या प्लेगात मुंबईहून बाहेर पडणाऱ्या उतारूंना याच कल्याण स्टेशनात तपासत असत. पुढे प्लेग कमिशनने परळच्या प्रयोगशाळेत गावोगावचे उंदीर आणून त्यांना प्लेगचे जंतू टोचले. प्लेग फारसा न पोचलेल्या मद्रासचे उंदीर पटापट मेले, मुंबईचे बरेचसे वाचले. साथीत तग धरलेल्यांची ती पिल्लावळ. सव्वाशे वर्षांनी आमच्या लॅबचा प्रश्न जवळपास तोच आहे: कोणता उंदीर तगतो, आणि का. फक्त जंतू आता साल्मोनेला.

८.४५. अ‍ॅनिमल हाउस. गाऊन, टोपी, मास्क, दोन जोड ग्लव्हज. आधी निरोगी उंदरांची खोली, मग संसर्गाची. उलट क्रमाने कुणीही जायचं नाही. दोन जातींना एकाच दिवशी, एकाच बाटलीतून, सारखेच काहीशे जिवाणू दिलेत. करडे-तपकिरी, ‘१२९’ जातीचे, पिंजऱ्यात मक्याचा भुसा उकरताहेत. काळे सी५७ ब्लॅक सिक्स पाठ वाकवून कोपऱ्यात बसलेत, केस उभे.

‘‘ताई, हा कालपासून दाण्याला शिवला नाही,’’ पिंजऱ्यांची देखभाल करणारे काका सांगतात. काकांचं आणि वजनकाट्याचं सहसा एकमत असतं. वजन २० टक्क्यांनी घटलं की उंदीर मरायची वाट बघायची नाही, त्याला वेदनेविना संपवायचं. एथिक्स कमिटीने मंजुरी दिली ती याच अटीवर.

१०.३०. आजच्या उंदरांच्या प्लीहा काढल्या. काळ्याची सुजून गडद झालेली, हाताला जड. जाळीवर ठेवून सिरिंजच्या दट्ट्याने घासली की पेशी खाली उतरतात. त्यातला थोडा भाग पातळ करत करत प्लेटवर, उरलेला दुपारच्या मशिनला.

साल्मोनेलाची गंमत अशी, की मॅक्रोफेज ही भक्षक पेशी त्याला गिळते आणि तो तिच्याच पोटातल्या पिशवीत संसार थाटतो. त्या पिशवीच्या भिंतीत एनरॅम्प१ नावाचं प्रथिन असतं. ते आतलं लोह आणि मँगनीज बाहेर उपसून काढतं, आणि त्यांच्यावाचून जिवाणूची वाढ खुंटते. ब्लॅक सिक्समध्ये या प्रथिनाचं १६९ वं अमिनो आम्ल ग्लायसिनऐवजी अ‍ॅस्पार्टिक आहे. एवढ्याने पंप बंद.

१२.१५. पेशी मोजणाऱ्या मशिनचा, फ्लो सायटोमीटरचा, स्लॉट. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काळ्यांत कमी नाहीत, उलट जास्तच.

१.३०. डबा. शेजारच्या लॅबमधली मैत्रीण विचारते, सासूबाईंनी इम्युनिटी वाढवायचं चूर्ण मागवलंय, घेऊ दे का? मला हा ‘वाढवायचं’ शब्दच खटकतो. फौज वाढूनही काळ्यांचं काय झालं ते सकाळीच पाहिलं होतं. मग तिला सी३एच/एचईजे उंदरांची गोष्ट सांगितली. साल्मोनेलासारख्या जिवाणूंच्या आवरणातलं विष, एंडोटॉक्सिन, इतर उंदरांना मारेल एवढं दिलं तरी हे उंदीर ठणठणीत राहतात. कारण त्यांचा टीएलआर४ हा ग्राहक बिघडलेला. विष आलंय हे शरीराला कळतच नाही. ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये हा दोष शोधला, आणि २०११ च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. आता त्याच उंदरांना जिवंत साल्मोनेला द्या, अगदी थोडे पुरतात, मरतात. म्हणजे विषाच्या धक्क्याने जीव जातो तो शरीराच्या स्वतःच्याच आरडाओरड्याने, आणि ओरडलंच नाही तरी जातो. चूर्णाच्या डबीवर यातलं काय छापणार? ‘‘पचायला हलकं असेल तर घेऊ दे,’’ म्हटलं.

३.००. कालच्या प्लेट ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमधून काढल्या. झाकण उघडायचं नाही. प्लेट पालथी धरून पाठीवर मार्करने एकेका वसाहतीला ठिपका द्यायचा. तीस ते तीनशेच्या मधल्या प्लेटच धरायच्या. त्याहून कमी असतील तर भरवसा नाही, आणि जास्त झाल्या की एकीत एक मिसळतात. १२९ च्या शंभरपट पातळ केलेल्या प्लेटवर जेवढ्या वसाहती, जवळपास तेवढ्याच काळ्यांच्या दहा हजारपट पातळ केलेल्या प्लेटवर. या कामाला नवखे कंटाळतात. मला मशिनच्या रंगीत आलेखांपेक्षा हे ठिपके जास्त खरे वाटतात.

५.३०. भुसा, ग्लव्हज, प्लेट, सगळं ऑटोक्लेव्हमध्ये.

७.१०. ठाण्याला डबा सैल झाला, बसायला मिळालं. रविवारी मेगाब्लॉक आहे. पण वजनं रोजच्या रोज घ्यावीच लागतात. ती घ्यायला ठाण्याची ज्युनियर लवकर निघेल. तिला मेसेज टाइप करते: आधी निरोगी खोली, मग १२९, शेवटी काळे. कुणाचं वजन वीस टक्क्यांनी घटलं तर मला विचारत बसू नकोस, आधी पशुवैद्यांना फोन कर.