बोगनवेलीचा डोळा: काटा की फूल?

महामार्गाच्या दुभाजकावर लावलेल्या बोगनवेलीच्या वाट्याला मुरमाड माती, गाड्यांचा धूर आणि टँकर फिरकला तर पाणी, एवढंच येतं. तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्यावर पान दिसू नये इतका रंग असतो. तिच्याच फांदीपासून केलेलं रोप गच्चीवरच्या चांगल्या कुंडीत लावा, रोज पाणी द्या, दर महिन्याला खत घाला. ते हिरवंगार होतं, हातभर लांब फुटवे काढतं, इंचभर काटे काढतं आणि फुलायचं नाव घेत नाही. नर्सरीवाला म्हणतो, ‘पाणी तोडा.’ सल्ला बरोबर आहे. तो का बरोबर आहे, हे समजायला आधी तिचा काटा नीट बघावा लागतो.

गुलाबाचा काटा सालीवर कुठेही उगवतो आणि अंगठ्यानं ढकलला की मोडून निघतो. बोगनवेलीचा काटा तसा निघत नाही. तो फांदीच्या आतल्या लाकडाशी जोडलेला असतो आणि दर वेळी एकाच ठिकाणी येतो: पानाच्या बगलेत, जिथे एरवी नवा फुटवा काढणारा डोळा असतो. म्हणजे हा काटा ही खुंटलेली, टोकदार झालेली फांदीच आहे. उत्क्रांती शिकवताना जीवशास्त्राच्या पुस्तकांत बोगनवेलीचा काटा आणि भोपळ्याच्या वेलाचा ताणा शेजारी शेजारी दाखवतात ते याचसाठी. दोन्हींचं उगमस्थान एक, कामं वेगळी. बोगनवेलीला ताणे नसतात. शेजारच्या झाडावर चढताना ती हेच काटे अडकवत वर सरकते.

आता तीच वेल फुलल्यावर पाहा. रंगीत झुबक्याचा देठ पानाच्या बगलेतूनच, काट्याच्या जागेवरूनच निघालेला दिसतो. देठ निबर आणि किंचित वाकडा असतो. काट्याशी त्याचं साम्य लपत नाही. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात हॅकेट आणि सॅक्स या शास्त्रज्ञांनी ‘सॅन डिएगो रेड’ या जातीवर प्रयोग करून यामागचं कोडं बरंच उलगडलं. पानाच्या बगलेतल्या त्या कोवळ्या डोळ्याला दोन्ही वाटा मोकळ्या असतात. दिवस लहान असतील तर तो फुलोऱ्याच्या वाटेला लागतो. दिवस मोठे असतील, वेल जोमानं वाढत असेल, तर तो काटा होऊन थांबतो. जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक फवारलं की फुलोरा मागे पडतो. वाढ रोखणारं रसायन दिलं की फुलोरा येतो. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली: शेंड्याची कोवळी पानं खुडली तरी फुलोऱ्याला बळ मिळतं.

या शेवटच्या निरीक्षणात खरी गोम आहे. कोवळं पान स्वतःपुरतं अन्न अजून तयार करत नसतं. जुन्या पानांनी बनवलेली साखर तेच ओढून घेतं. बगलेतला इवलासा डोळाही त्याच साखरेवर जगतो. शेंडा जोरात धावत असेल तर साखर तिकडे जाते आणि डोळा उपाशी राहतो. शेंडा थांबला की तीच साखर डोळ्याकडे वळते. रोजचं पाणी आणि नत्राचं खत नेमकं शेंड्यालाच धावायला लावतं. गच्चीवरच्या लाडावलेल्या कुंडीत फूल का येत नाही, याचं उत्तर हे आहे.

बागायतदारांना हे ठाऊक आहे

नाशिकच्या द्राक्षबागेत हेच गणित पैशांच्या भाषेत मांडलं जातं. द्राक्षाच्या वेलीवर घड आणि बाळी, म्हणजे ताणा, यांची सुरुवात एकाच कोवळ्या अंकुरातून होते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटणाऱ्या काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे सूक्ष्मघड तयार होतात. त्या काळात नत्र आणि पाणी जास्त झालं, आभाळ भरून राहिलं, काडी नुसतीच पळत सुटली, तर ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घड जिरतो आणि त्याची बाळी होते. म्हणून बागायतदार त्या दिवसांत पाणी बेतानं देतात आणि वाढ आवरणारं संजीवक फवारतात. इथेही जिबरेलिनचं पारडं जड झालं की अंकुर बाळीकडे झुकतो.

डाळिंब आणि मोसंबीच्या बागा बहारासाठी ‘ताणावर सोडण्याची’ रीत याहून जुनी. मृग, हस्त किंवा आंबे बहार धरायचा तर जमिनीच्या मगदुरानुसार काही आठवडे पाणी तोडायचं, पानगळ होऊ द्यायची आणि मग पाणी सुरू करायचं. कोकणातले आंबा बागायतदार झाडाच्या बुंध्याशी पॅक्लोब्युट्राझोल देतात तेही झाडात जिबरेलिन तयार होण्याची वाट अडवतं. नर्सरीवाला बोगनवेलीबद्दल जे दोन शब्दांत सांगतो, त्यामागे एवढं शेतीशास्त्र आहे.

मूळ गाव

बोगनवेल आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती परदेशी आहे हे सांगावं लागतं. तिच्या जाती दक्षिण अमेरिकेच्या, मुख्यतः ब्राझील, पेरू, बोलिव्हिया या भागांतल्या. १७६७ साली लुई आंत्वान द बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीची पृथ्वीप्रदक्षिणा रिओ द जानेरोला थांबली, तेव्हा जहाजावरच्या फिलिबेर कॉमर्सों या वनस्पतिशास्त्रज्ञानं ही वेल टिपली आणि तिला कप्तानाचं नाव दिलं. कॉमर्सोंचा पाय दुखणाईत होता. डोंगर चढून नमुने गोळा करण्याचं बरंच काम त्याचा मदतनीस करत असे. तो मदतनीस म्हणजे पुरुषवेशातली जान बारे ही स्त्री होती. फ्रेंच नौदलाच्या जहाजावर स्त्रियांना मनाई होती, म्हणून हे सोंग. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केलेली पहिली ज्ञात स्त्री म्हणून आज ती ओळखली जाते. वेलीला नाव कप्तानाचं लागलं. जानचं नाव एका वनस्पतीला, सोलॅनम बारेटिई या वांग्याच्या गोतातल्या वेलीला, मिळायला २०१२ साल उजाडलं.

या वेलींच्या मूळ प्रदेशात बऱ्याच ठिकाणी पावसाळा आणि कोरडा काळ असे वर्षाचे दोन स्पष्ट भाग पडतात. ओल असताना वाढून घ्यायचं आणि कोरड्या दिवसांत फुलायचं, ही सवय महाराष्ट्राच्या हवामानाला आयतीच जुळली. इथे पाऊस उघडतो आणि दिवस रात्रीपेक्षा लहान होऊ लागतात ते जवळपास एकाच सुमारास. बोगनवेलीला हव्या असलेल्या दोन्ही खुणा एकदम मिळतात.

रंग पाकळ्यांचा नाही

आपण ज्याला फूल म्हणतो ती तीन रंगीत पानं आहेत. वनस्पतिशास्त्रात त्यांना छद म्हणतात. खरी फुलं आत असतात: प्रत्येक छदाच्या मधल्या शिरेला चिकटलेली एक बारीक नळी, तिच्या तोंडाशी पांढरट चांदणी. त्या नळीलाही पाकळ्या नाहीत; तो जुळलेल्या निदलांचा भाग आहे. छद कागदासारखा सुकतो आणि बी धरलं असेल तर त्याला वाऱ्यावर उडवून नेतो. बागांमधल्या बहुतेक जातींना मात्र बी धरत नाही, म्हणून आपला सगळा भर फाट्यांवर.

या छदांचा रंग बीटाच्या गोतातला आहे. जास्वंद, गोकर्ण, जांभूळ यांचा लाल-निळा रंग अँथोसायनिनचा, बोगनवेलीचा बीटालेनचा. एकाच वनस्पतीत हे दोन्ही आजवर एकत्र सापडलेले नाहीत. गुलबक्षी आणि पुनर्नवा या बोगनवेलीच्या कुळातल्या. राजगिरा, बीट, निवडुंग आणि ड्रॅगनफ्रूट जरा लांबचे, पण रंग सगळ्यांचा याच घराण्यातला. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं होतं. बोगनवेलीच्या किरमिजी पाण्यात चार थेंब पिळून पाहा, ते आपला रंग फारसा सोडत नाही. बीटालेनमध्ये जांभळट आणि पिवळा असे दोन गट आहेत. दोन्ही कमी-अधिक मिसळले की विटकरी, केशरी, शेंदरी छटा उमटतात.

एकाच वेलीवर पांढरे आणि गुलाबी झुबके दाखवणारी ‘मेरी पामर’ हा आणखी निराळा प्रकार. तिच्या शेंड्यातले पेशींचे थर जनुकीयदृष्ट्या वेगवेगळे आहेत. कुठला थर कुठे वरचढ ठरतो त्यावर त्या झुबक्याचा रंग ठरतो. अशा जाती संकरातून आलेल्या नाहीत. एखाद्या फांदीत अचानक झालेला बदल माळ्याच्या नजरेला पडला आणि त्यानं तिचं कलम केलं. लखनौची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आणि तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी गॅमा किरणांच्या मदतीनं असे बदल मुद्दाम घडवूनही पाहिले.

कुंडीतलं गणित

फाटे लावायचे ते पेन्सिलीएवढ्या जाडीचे, अर्धपक्व फांदीचे, वीतभर लांब आणि तीन-चार डोळे असलेले. मातीत वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजवते. मुळं नाजूक असतात, म्हणून कुंडी बदलताना मातीचा गड्डा फुटू देऊ नका. फार मोठी कुंडी नको. मोठ्या कुंडीतली ओल लवकर सुकत नाही आणि ताण देताच येत नाही.

फूल नव्या फुटीवर येतं. म्हणून पाऊस उघडताना हलकी छाटणी करा, नवी फूट वीतभर वाढू द्या, मग शेंडे खुडून पाणी कमी करा. दुपारच्या उन्हात पानांनी माना टाकल्या तर लगेच धावू नका. ऊन उतरल्यावरही शेंडे उभे राहिले नाहीत, तर मात्र कुंडीच्या बुडातून निथळेपर्यंत पाणी द्या. कळ्या दिसू लागल्या की ताण सैल करायचा, नाहीतर त्या गळतात. युरियाला हात लावू नका. शेणखत वर्षातून एक-दोनदा पुरे. पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या तर बहुधा लोह कमी पडतंय. चुनखडीच्या जमिनीत आणि क्षारांच्या पाण्यावर हे हमखास होतं. शेंड्यावर पिठ्या ढेकूण दिसला की तेवढा शेंडा कापून टाका. छाटणी करताना हातमोजे घाला.

कुंपणासाठी लावली असेल तर हेच सगळं उलटं करा: पाणी आणि नत्र मोकळ्या हातानं द्या. जोमदार फांद्यांवर लांब काटे येतात, आणि गुरं अडवायला तेच लागतात.

घरी शाळकरी मुलं असतील तर हा प्रयोग करण्यासारखा आहे. एकाच वेलीचे फाटे लावून तयार झालेली दोन रोपं एकसारख्या कुंड्यांत घ्या. नोव्हेंबरपासून एकीला रोज पाणी, दुसरीला वर सांगितल्यासारखा ताण. कुंड्यांच्या जागा दर आठवड्याला अदलून-बदलून ठेवा, म्हणजे उन्हाचा फरक राहणार नाही. जानेवारीअखेर दोन्हींच्या नव्या फुटीवरच्या वीस-वीस पानांच्या बगला तपासा आणि वहीत तीन रकाने करा: काटा, कळी, काहीच नाही. ताणाच्या कुंडीत कळ्यांचा रकाना जास्त भरायला हवा. दोन्हीकडचे आकडे सारखेच आले तर आधी ऊन मोजा. थेट ऊन दिवसाला पाच-सहा तासही मिळत नसेल, तर कितीही ताण दिला तरी पानांकडे डोळ्याला द्यायला साखरच नसते.