चुंबक अडला म्हणून मोटर अडत नाही

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मीळ मृदा-मूलद्रव्ये आणि त्यांचे चुंबक यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. झळ थेट पिंपरी-चिंचवडला लागली. चेतक ई-स्कूटरचे उत्पादन ऑगस्टमध्ये ठप्प होऊ शकते, असे तिथल्या बजाज ऑटोने जुलैअखेर सांगून टाकले. त्यावरून ‘चुंबक नाही तर मोटर नाही’ असा समज पसरला. तो भौतिकशास्त्राला धरून नाही. मोटर फिरवणारी ऊर्जा बॅटरीतून येते. चुंबक फक्त चुंबकीय क्षेत्र पुरवतो आणि त्या क्षेत्रातल्या विद्युतप्रवाहावर बल पडते. असे क्षेत्र विजेपासूनही मिळते, हे ओर्स्टेडने तारेजवळची होकायंत्राची सुई वळताना पाहिली त्या १८२० सालापासून ठाऊक आहे. १८३१मध्ये फॅरडेने उलटी बाजू दाखवली: क्षेत्र बदलले की तारेत वीज उपजते. इंडक्शन मोटर या दोन्हींवर चालते. स्टेटरच्या, म्हणजे स्थिर भागाच्या, वाइंडिंगमध्ये थ्री-फेज वीज सोडली की क्षेत्र गोल फिरू लागते, रोटरच्या, म्हणजे फिरत्या भागाच्या, सळ्यांत प्रवाह उपजवते आणि रोटरला मागोमाग खेचते. पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरीतल्या वर्कशॉपमधले लेथ आणि कॉम्प्रेसर बहुतेक याच मोटरवर चालतात. तिच्यात कायमस्वरूपी चुंबक नावालाही नसतो.

मग तीच स्कूटरला का बसवत नाहीत? प्रश्न रास्त आहे. टेस्लाने २०१२च्या मॉडेल एसला इंडक्शन मोटर दिली होती, पण मॉडेल ३मध्ये ती कंपनीही चुंबकाकडे वळली. कारण इंडक्शन मोटरमध्ये रोटरमधला प्रवाह रोटरला तापवतो आणि त्या उष्णतेची ऊर्जा बॅटरीतूनच जाते. लेथला वीज भिंतीतून मिळते. स्कूटरला ती सोबत वाहावी लागते. निओडिमियम-लोह-बोरॉनचा चुंबक मात्र वीज न खाता, थोड्या जागेत जबर क्षेत्र देतो. गंमत अशी, की चीनच्या त्या यादीत निओडिमियम नव्हतेच. त्या सातांपैकी या चुंबकाशी संबंध होता तो डिस्प्रोशियम आणि टर्बियम यांचा. मोटर तापली की हा चुंबक आपले चुंबकत्व गमावू लागतो. ते टिकावे म्हणून ही दोन चिमूटभर मिसळतात. म्हणजे अडचण चुंबकाइतकीच उष्णतेचीही आहे. मोटर अधिक थंड राखली तर डिस्प्रोशियम कमी लागते. खाचा पाडलेल्या लोखंडी रोटरची रिलक्टन्स मोटर तर चुंबकाविनाच फिरते, फक्त तिचा आवाज आणि थरथर आवरावी लागते. स्पीकरमधला स्वस्त फेराइट चुंबकही चालेल. पण त्याची ताकद सुमारे दशांशच, त्यामुळे मोटर आकाराने आणि वजनाने वाढेल. महामार्गावर धावणाऱ्या एसयूव्हीला हे जड जाईल. आकुर्डी ते भोसरी अशी रोजची ये-जा करणाऱ्या स्कूटरला ते परवडावे, असे मला वाटते.