मेंदूच्या इजेची शाबिती

दुसऱ्याच्या हयगयीमुळे घडलेल्या अपघातात मेंदूला पोहोचलेली इजा, तिचे कारण, तिची व्याप्ती आणि तिच्यामुळे झालेले आर्थिक व इतर नुकसान ही न्यायालयापुढे पुराव्याने सिद्ध करण्याची प्रक्रिया. वैयक्तिक इजेबद्दलचे दावे मुळात अपकृत्यविधीच्या कक्षेत येतात [⟶ अपकृत्ये]. मोडलेले हाड क्ष-किरणचित्रात दिसते, तुटलेला हात न्यायाधीशाला समोर दिसतो. मेंदूची इजा झालेला मनुष्य मात्र पुष्कळदा न्यायालयात स्वतःच्या पायांनी चालत येतो, नाव-गाव नीट सांगतो आणि आपणास काही झालेले नाही असेही म्हणतो. या दाव्यांतील मुख्य अडचण हीच आहे.

ही अडचण आगगाडीइतकी जुनी आहे. इंग्लंडमध्ये रेल्वेच्या टकरींनंतर अंगावर जखम नसलेले प्रवासी विस्मरण, निद्रानाश, चिडचिड व कामात लक्ष न लागणे अशा तक्रारी घेऊन भरपाई मागू लागले. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत या तक्रारींचे कारण मज्जारज्जूला बसलेला हादरा हे असल्याचे प्रतिपादले. हर्बर्ट पेज यांनी १८८३ मध्ये ते मत खोडून भीती व मानसिक धक्का यांवर भर दिला. पेज हे स्वतः एका रेल्वे कंपनीचे शल्यचिकित्सक होते, ही गोष्ट त्यांचा ग्रंथ वाचताना ध्यानात ठेवावी लागते. तक्रार खरी की भरपाईसाठी रचलेली, हा त्या वेळचा वाद आजही प्रत्येक उलटतपासणीत नव्याने उपस्थित होतो.

भारतात १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाने मृताच्या वारसांना दाव्याचा हक्क दिला. जिवंत राहिलेल्या जखमीस दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागे. मोटार अपघातांपुरती ही स्थिती १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात १९५६ साली झालेल्या दुरुस्तीने बदलली व दावा न्यायाधिकरणे अस्तित्वात आली. १९८८ च्या अधिनियमाखाली कलम १६६ नुसार अर्ज करावयाचा असतो. अपघात जेथे घडला तेथील, अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील, अथवा प्रतिवादी जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याचा ऊसतोड कामगार सांगलीच्या वा कर्नाटकातील रस्त्यावर जखमी झाला, तरी त्याच्या कुटुंबास परमुलखात खेटे घालण्याचे कारण नाही. जालना जिल्ह्यातच त्यास दाद मागता येते. या कार्यवाहीत फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय शाबितीची अपेक्षा नसते. घटना घडल्याचा संभव न घडल्याच्या संभवाहून अधिक आहे, एवढे दाखविणे पुरेसे होते.

वैद्यकीय पुरावा : यात पहिल्या रात्रीच्या कागदाचे मोल सर्वांत अधिक. ग्लासगो येथील ग्रॅहम टीसडेल व ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेली ग्लासगो कोमा मापनश्रेणी जगभर वापरली जाते. डोळे उघडणे, बोलणे व हालचाल या तीन प्रतिसादांना गुण देऊन ३ ते १५ अशी बेरीज करतात. १३ ते १५ गुण सौम्य, ९ ते १२ मध्यम व ८ किंवा त्याहून कमी गुण तीव्र इजा दर्शवितात. हे गुण केव्हा नोंदले गेले हेही महत्त्वाचे असते. मद्याच्या अमलाखाली किंवा गुंगीचे औषध दिल्यावर ते घटतात. श्वासनलिकेत नळी घातल्यावर वाचेचे गुण देताच येत नाहीत. म्हणून केवळ एका आकड्यावर विसंबून न राहता बेशुद्धीचा काळ आणि शुद्धीवर आल्यानंतर रुग्णाच्या स्मरणात दैनंदिन घटना सलग राहू लागेपर्यंतचा काळ हेही पाहतात. हा दुसरा काळ जितका लांब तितकी पुढील सुधारणा अपुरी राहण्याचा संभव अधिक. दुर्दैवाने रुग्णपत्रिकेत तो क्वचितच स्पष्ट लिहिलेला असतो व परिचारिकांच्या रोजच्या टिपणांवरून तो जुळवावा लागतो.

घनसावंगीसारख्या भागात हे कागद एका ठिकाणी सापडत नाहीत. जखमीस प्रथम जवळच्या ग्रामीण रुग्णालयात, तेथून जालन्यास व पुढे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ‘घाटी’ रुग्णालयात वा एखाद्या खाजगी रुग्णालयात हलवितात. पहिल्या ठिकाणी दोन ओळींची नोंद, दुसऱ्या ठिकाणी पाठवणीची चिठ्ठी व तिसऱ्या ठिकाणी सविस्तर पत्रिका अशी विभागणी होते. ‘अपघातानंतर लगेच बेशुद्ध’ हे शब्द पहिल्या दोन ओळींत नसतील, तर ती उणीव पुढे सविस्तर पत्रिकेनेही पूर्ण भरून निघत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास कागदपत्रे ७२ तासांत द्यावयाची असतात. आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपण्याचे बंधनही त्यांत आहे. दावे मात्र त्याहून अधिक काळ चालतात, म्हणून नकला आरंभीच घेणे हिताचे असते.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले आणि कवटीच्या आतील रक्तस्राव तत्काळ ओळखता येऊ लागला. शस्त्रक्रिया करावी की नाही हे ठरविण्यास ही तपासणी उत्तम आहे. परंतु डोके वेगाने हेलकावले गेल्याने मज्जातंतूंचे सूक्ष्म धागे विखुरलेल्या ठिकाणी तुटतात, तेव्हा सीटी स्कॅन अनेकदा निर्दोष येतो. एमआरआयच्या विशिष्ट पद्धतींत तेथील बारीक रक्तस्राव दिसू शकतात. ‘स्कॅन स्वच्छ, म्हणून मेंदू शाबूत’ हा विमा कंपन्यांचा आवडता युक्तिवाद वैद्यकशास्त्रास धरून नाही. उलट, चित्रात डाग दिसला म्हणून मनुष्य निकामी झाला, असेही सिद्ध होत नाही.

चित्र जेथे थांबते तेथे तंत्रिका-मानसशास्त्रीय चाचण्या सुरू होतात. अवधान, स्मरण, विचारांचा वेग, नियोजन व आत्मसंयमन यांची मोजणी त्यांत होते. परदेशी चाचण्या भाषांतर करून वापरल्यास शाळेत न गेलेला शेतकरी अपघाताविनाही नापास होईल. बंगळूर येथील निमहान्स संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीसंचात वय, लिंग व शिक्षण यांनुसार निराळी प्रमाणके दिली आहेत. अक्षरे जोडण्याऐवजी रंगीत वर्तुळे जोडावयाची चाचणीही त्यात आहे. काही चाचण्या प्रामाणिकपणा पारखण्यासाठीच असतात. दोन पर्यायांतून एक निवडताना डोळे मिटून उत्तर देणाऱ्याचीही सुमारे निम्मी उत्तरे बरोबर येतात. त्याहूनही पुष्कळ कमी आली, तर योग्य उत्तर ठाऊक असून टाळल्याचा संशय बळावतो.

घरच्यांची साक्ष : कपाळामागील अग्रखंडास इजा झाली, तर बुद्धी वरवर शाबूत राहून स्वभाव पालटतो. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हर्माँटमध्ये रेल्वेमार्गाच्या कामावरील मुकादम फिनिअस गेज याच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, चालू-बोलू लागला. परंतु त्याच्या परिचितांना तो पूर्वीचा गेज वाटेना, असे त्याचे डॉक्टर जॉन हार्लो यांनी नोंदविले. अशा रुग्णास आपल्यातील बदलाची जाणीवच नसते, व हे अज्ञान हाही इजेचाच भाग असतो. साक्षीच्या पिंजऱ्यात ‘मी बरा आहे’ असे तो सांगतो, ते खोटे नसते, पण खरेही नसते. म्हणून पत्नी, भाऊ, शेजारी, दुकानातील भागीदार यांची साक्ष येथे पूरक न राहता मुख्य ठरते. ‘त्यांना विसर पडतो’ असे मोघम विधान उलटतपासणीत टिकत नाही. पूर्वी मोटारपंपाची पाळी न चुकविणारा आता पंप चालू ठेवून निघून जातो, हिशेबाची वही एकटा ठेवणारा आता एकाच गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा मागतो, मुलांवर कधी हात न उचललेला आता ताट भिरकावतो, अशा तारीख-प्रसंगांसह सांगितलेल्या गोष्टी न्यायाधीशास पटतात. अपघातापूर्वीचे शाळेचे दाखले, बँकेची पुस्तके, कामावरील हजेरी ही तुलनेची दुसरी बाजू पुरवितात.

अपघात व विकार यांचा कार्यकारणसंबंधही दाखवावा लागतो. वृद्ध व मद्यपी यांच्यात किरकोळ धक्क्यानंतर मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साठून काही आठवड्यांनी लक्षणे उद्भवू शकतात. अपस्मार तर कित्येक महिन्यांनी, क्वचित वर्षांनी सुरू होतो. मधल्या काळातील नोंदी नसल्यास ही साखळी तुटते. तथापि अर्जदार मूळचाच दुर्बल होता, एवढ्यावरून प्रतिवादी सुटत नाही. जखमी जसा असेल तसाच त्यास स्वीकारावा लागतो, हे अपकृत्यविधीचे जुने तत्त्व आहे.

विकलांगता व कमाई : विकलांगतेच्या प्रमाणपत्रावरील टक्केवारी व कमावण्याच्या शक्तीतील घट या भिन्न गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१० च्या एका महत्त्वाच्या निर्णयात स्पष्ट केले. डावा हात गमावलेल्या सुताराची कमाई जवळजवळ संपूर्ण बुडते. सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. नुसते प्रमाणपत्र दाखल करून भागत नाही. उपचार किंवा तपासणी करणाऱ्या डॉक्टरने साक्ष द्यावी लागते, असेही त्या निर्णयात बजावले आहे. विकलांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत मेंदूच्या इजेचे स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे वैद्यकीय मंडळ अर्धांगवायू, वाचादोष, बौद्धिक किंवा मानसिक विकलांगता अशा उपलब्ध चौकटींत रुग्णास बसविते, आणि ज्याचे हातपाय धड आहेत त्याच्या वाट्यास तुटपुंजा आकडा येतो.

या फरकाचे मोल उदाहरणाने कळेल. तीस वर्षांचा मजूर महिना १२,००० रुपये मिळवीत होता असे धरू. भावी वाढीचे ४० टक्के मिळवून मासिक १६,८०० व वार्षिक २,०१,६०० रुपये होतात. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निश्चित केलेल्या कोष्टकानुसार या वयास १७ हा गुणक लागतो. प्रमाणपत्रातील ४० टक्केच ग्राह्य धरल्यास कमाईच्या नुकसानाची रक्कम १३,७०,८८० रुपये येते. त्यास कोणी कामावर ठेवणार नाही हे साक्षीने सिद्ध झाल्यास तीच ३४,२७,२०० रुपये होते.

मजुराची कमाई तरी कशी दाखवावी? मुकादमाकडून घेतलेल्या उचलीची पावती नसते व ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. असंघटित मजुराकडून लेखी पुराव्याची अपेक्षा करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केले. जानेवारी २०२१ मध्ये गृहिणीच्या घरकामाचे आर्थिक मोलही त्याने अधोरेखित केले. चुलीवरचे विसरणाऱ्या स्त्रीचे नुकसान ‘कमावती नव्हती’ म्हणून दुर्लक्षिता येत नाही.

शुश्रूषेचा खर्च हा स्वतंत्र भाग होय. हरियाणातील एका बारा वर्षांच्या मुलीची २००७ च्या अपघातानंतरची सामाजिक समज नऊ महिन्यांच्या बालकाइतकी उरली होती. न्यायाधिकरणाने तिला सुमारे ११ लाख व उच्च न्यायालयाने सुमारे २५.७८ लाख रुपये दिले. सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२० रोजी ती रक्कम ६२.२७ लाखांवर नेली. तिला चोवीस तासांसाठी दोन मदतनीस लागतील हे धरून तो खर्चही गुणक पद्धतीने मोजला गेला. आई घरी आहेच, तेव्हा सेवेचा खर्च कशाला, हा विचार त्यामुळे मागे पडला.

मुदतीचा प्रश्न विचित्र आहे. २०१९ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२२ पासून अर्जास अपघातापासून सहा महिन्यांची मर्यादा घातली. तिच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिले गेले. मेंदूची स्थिती मात्र तेवढ्यात स्थिरावतेच असे नाही. सुधारणा वर्ष-दोन वर्षे चालू राहू शकते. यास्तव अर्ज वेळेत करून अंतिम तपासणीचा अहवाल साक्षीपुराव्याच्या टप्प्यावर दाखल करणे, हा व्यवहारात रूढ झालेला मार्ग आहे.

जखमी व्यक्ती स्वतःचे हित जपण्यास असमर्थ असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम १५ मधील तत्त्वानुसार तिच्या वतीने वादमित्र कार्यवाही चालवितो. मंजूर रक्कम एकदम हाती न देता तिचा मोठा भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत ठेवून व्याज दरमहा देण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या मार्गदर्शनानंतर रुळली आहे. उपचारासाठी मोठी रक्कम लागल्यास न्यायाधिकरणाकडे कारण दाखवून ठेव मुदतीपूर्वी मोडता येते.