‘नो डिस्क’ म्हणजे कोरी डिस्क नव्हे!

दिवाळीच्या आधी माळा साफ करायची आपली सगळ्यांचीच रीत. आमच्या बचत गटातल्या एका काकूंच्या घरीही ती साफसफाई निघाली. दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात त्यांचं घर. सूनबाईनं माळ्यावरून जुना सीडी प्लेअर काढला, तारांचं भेंडोळं काढलं आणि सीड्यांनी भरलेली पिशवी अंगणात उपडी केली. मी गटाच्या कर्जाच्या कागदावर सही घ्यायला गेले होते. काकू त्या ढिगातून एकच डबी उचलून पदरानं पुसत बसल्या होत्या.

‘‘पोरीच्या लग्नाची हाय वं ताई. पण कोरी निंगाली. शूटिंगवाल्यानं फसोलं आमाले.’’

लग्न झालं २००९ मध्ये. काकूंचे यजमान गेले २०११ साली. त्यांचा आवाज असलेली दुसरी कुठलीच वस्तू घरात नाही. त्या वेळी घरात साधा फोन, त्यात कुठलं आलंय शूटिंग! लग्नानंतर डिस्क आणली, प्लेअरमध्ये टाकली, पडद्यावर अक्षरं आली – ‘नो डिस्क’. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. इंग्रजी वाचणारा पुतण्या म्हणाला, ‘‘काकू, यात डिस्कच नाही म्हणते.’’ झालं! शूटिंगवाल्याशी भांडण, उरलेले पंधराशे रुपये द्यायचे नाहीत असं ठरलं आणि डिस्क माळ्यावर गेली.

मी डबी हातात घेतली. वर ठसठशीत छापलेलं होतं – डीव्हीडी. मग माळ्यावरून काढलेला प्लेअर पाहिला. त्याच्या पुढच्या पट्टीवर होतं – व्हीसीडी. एवढीच काय ती भानगड!

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींच्या घरी असं झालं असेल! व्हीसीडी आणि डीव्हीडी दिसायला जुळ्या बहिणी. दोन्ही बारा सेंटिमीटरच्या, दोन्ही चकचकीत, दोन्हींना आपण ‘सीडी’च म्हणायचो. पण डीव्हीडीवरच्या खुणा खूप बारीक आणि दाटीनं कोरलेल्या असतात. त्या वाचायला बारीक किरण लागतो. व्हीसीडी प्लेअरचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा. चष्मा न लावता सासूबाईंनी पंचांग वाचायला घ्यावं तसं त्या जुन्या प्लेअरचं होतं. अक्षरं असतात, त्याला दिसत नाहीत, आणि तो बापडा सांगून मोकळा होतो, ‘इथं काही नाही.’ उलट डीव्हीडी प्लेअरमध्ये व्हीसीडी मात्र चालते. व्हीसीडीत मावायचा जेमतेम सव्वा तास, म्हणून तर एका सिनेमाच्या दोन-तीन सीड्या असायच्या आणि ऐन रडारडीच्या वेळी कुणीतरी ओरडायचं, ‘‘दुसरी लाव गं!’’ २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली. सहा रुपये जास्त देऊन डीव्हीडी घेतलेल्या आणि घरी व्हीसीडी प्लेअर असलेल्या बाया मला ठाऊक आहेत. सिनेमा राहिला बाजूला, दुकानदाराचा उद्धार तेवढा झाला.

‘नो डिस्क’ची कारणं आणखीही असतात. डिस्क उलटी ठेवली तरी तेच येतं, आतल्या काचेच्या डोळ्यावर धूळ बसली तरी तेच. ‘डिस्क एरर’, ‘बॅड डिस्क’ आलं की बहुधा ओरखडे किंवा तेलकट बोटं. तेव्हा जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा घ्यावा आणि मधून कडेकडे सरळ पुसावं. आपण परात घासतो तसं गोल गोल नाही! माहिती गोल रेषेतच लिहिलेली असते, त्यामुळे गोल ओरखडा पडला तर एका जागचं लांबच लांब पुसलं जातं. टूथपेस्ट लावण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्या डिस्कवर त्यांनी खुशाल लावावी. आणखी एक गोष्ट मलाही उशिराच कळली. व्हीसीडीची नाजूक बाजू ही चकचकीत खालची नव्हे, तर नाव लिहायची वरची! माहितीचा पातळ थर त्या छपाईच्या अगदी खालीच असतो. मी प्रत्येक सीडीवर बॉलपेननं दाबून दाबून नावं लिहायचे, हौसेनं तारीखसुद्धा!

आता त्या इंग्रजी सूचनांविषयी. सिनेमाच्या सुरुवातीला ती लांबलचक पाटी यायची, आणि पुढे ढकलायला बटण दाबलं की पडद्यावर हाताचा पंजा किंवा काट मारलेला गोल. माझ्या सासूबाईंना वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं, आता हे यंत्र बिघडणार. तसं काही नसतं. ‘इथं हे बटण चालणार नाही’ एवढंच त्याचं म्हणणं. डिस्क बनवणाऱ्यानंच तशी सोय करून ठेवलेली असते. ती पाटी मात्र खोटी नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ नुसार अशी चोरी करून धंदा करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. इंग्रजी सिनेमावर एफबीआयचं नाव यायचं, ते अमेरिकेतलं पोलीस खातं. ते काही आपल्या दारात येत नाही. लग्नाची आपली स्वतःची डिस्क घरच्यासाठी उतरवून घ्यायला तर कुणाचीच भीती बाळगायला नको.

खरी जपायची खूण प्लेअरच्या मागच्या बाजूला असते आणि तिकडे आपलं लक्षच जात नाही. त्रिकोणात वीज काढलेली असेल तर आत धक्का देणारा दाब आहे. त्रिकोणात उद्गारचिन्ह असेल तर आधी माहितीपुस्तक वाचा. आणि लेझरची पिवळी पट्टी सांगते की डबा बंद आहे तोवर धोका नाही, उघडलात तर डोळ्याला इजा होऊ शकते. मी एकदा पेचकस घेऊन बसले होते. म्हटलं, बटण बंद केलंय, आता कसला धक्का! बाजूच्या इलेक्ट्रिशियननं हात धरून थांबवलं. प्लग काढल्यावरही आतल्या काही भागांत थोडा वेळ वीज साठून राहते म्हणे. भारनियमनाच्या त्या दिवसांत लाइट परत यायची तीही झटका देऊन. तेव्हापासून लाइट गेली की मी प्लग काढून ठेवते, ती सवय अजून आहे.

शेजारच्या वहिनींची गंमत वेगळीच. अमेरिकेतल्या लेकीनं डोहाळजेवणाची डिस्क पाठवली. लावली तर चित्र काळं-पांढरं आणि वरखाली पळतंय! तिथली पद्धत एनटीएससी, आपल्याकडची पाल. प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘टीव्ही सिस्टीम’ बदलली तेव्हा लेकीच्या शालूला हिरवा रंग आला. ‘राँग रीजन’ हे आणखी निराळं. बाजारात विकायच्या डीव्हीड्यांसाठी कंपन्यांनी जगाचे भाग पाडले. अमेरिका एक नंबर, आपण पाच नंबर. तिकडे विकत घेतलेला सिनेमा आपल्या प्लेअरनं नाकारला तर बिघाड कशातच नसतो.

पडद्यावर ठळक येणाऱ्या, घाबरवणाऱ्या या सगळ्या पाट्यांनी आपल्या डिस्कमधलं एक अक्षर पुसलं जात नाही. पुसणारी पाटी साधीसुधी असते आणि ती कॉम्प्युटरवर येते. पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड लावलं की कधी विचारतो, ‘वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल, करू का?’ मला वाटलं, विचारतोय बिचारा, म्हणा हो! धाकटीच्या शाळेतल्या गॅदरिंगचा नाच त्यात होता. तिनं महिनाभर अबोला धरला. खूप नंतर कळलं की त्याच घटकेला थांबून, त्यावर नवीन काहीच न भरता जाणकाराकडे नेलं असतं तर पुष्कळदा परत मिळतं. मी तर त्यात लगेच भजनं भरली होती.

म्हणूनच काकूंची डिस्क कुणाच्याही हातात द्यायला मी तयार नव्हते. आजकालच्या लॅपटॉपला डिस्क टाकायची खाचच नसते. शेवटी दारव्ह्यातल्या एका फोटो स्टुडिओत जुना कॉम्प्युटर सापडला. डिस्क फिरली, उघडली आणि आत दोन कप्पे दिसले. ‘ऑडिओ’वाला उघडला तर रिकामा! काकूंचा चेहरा पडला. ‘‘आवाज नाई का वं याच्यात?’’ स्टुडिओतल्या पोरानं सांगितलं की तो कप्पा बहुतेक सगळ्याच डीव्हीड्यांत रिकामा असतो, चित्र आणि आवाज दोन्ही ‘व्हिडिओ’वाल्या कप्प्यात एकत्र असतात. रिकामा कप्पा पाहून कितीजणांनी अशा डिस्क फेकल्या असतील, देव जाणे. घरी लिहिलेल्या डिस्कवर रंगाचा थर असतो, तो ऊन आणि गरमीनं उतरत जातो. आपल्याकडचा मे महिना आणि पत्र्याखालचा माळा! काकूंची मधली पाच-सात मिनिटं चौकडी चौकडी होऊन अडकलीच. बाकी सगळं उतरलं.

पेन ड्राइव्ह घरच्या टीव्हीला लावला तर तिथंही पाटी – ‘फॉरमॅट नॉट सपोर्टेड’. काकू हताश होऊन माझ्याकडे बघायला लागल्या. इथला ‘फॉरमॅट’ मात्र पुसणारा नव्हे. ‘ही फाइल मला वाचता येत नाही’ एवढंच टीव्ही सांगतोय. परत स्टुडिओत जाऊन ती एमपी-फोरमध्ये करून आणली.

मग सगळं घर टीव्हीसमोर. हळद झाली, वरात आली, नको इतकी मंगलाष्टकं झाली. आणि पंगतीत, डोक्याला फेटा, हातात बुंदीचं ताट, काकूंचे यजमान कॅमेऱ्यासमोरून गेले. कुणाला तरी म्हणत होते, ‘‘बसा न बाप्पा, घाई कायची हाय? वाढा रे याह्यले.’’

एवढंच. दहा सेकंद असतील नसतील. सून म्हणाली, ‘‘मामंजींचा आवाज असा होता?’’ तिनं तो पहिल्यांदाच ऐकला होता. काकूंनी तेवढंच मागं घेऊन चार वेळा लावायला सांगितलं. पाचव्यांदा रिमोट स्वतःच्या हातात घेतला.

रात्री निघताना त्यांनी मला ओट्यावर थांबवलं. कनवटीला पंधराशे रुपये बांधलेले होते. ‘‘त्या शूटिंगवाल्याचे हायेत. लई बोललो आमी त्याले.’’ त्याचं दुकान आता झेरॉक्सचं झालंय. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी जाणार आहोत.