जुलाब थांबविणे आणि रोगी वाचविणे

जुलाब सुरू झाले की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘थांबायला काय द्यावे?’ श्रोतेहो, या प्रश्नातच घोटाळा आहे. जुलाबाने माणूस दगावतो तो बहुधा अंगातील पाणी व क्षार वाहून गेल्यामुळे. तेव्हा जे गेले ते भरून काढणे, हाच पहिला उपचार.

पण आतडेच बिघडले असता पोटात घातलेले पाणी अंगी लागणार कसे? कॉलऱ्याचे विष आतड्याच्या पेशींना पाणी सोडावयास लावते, हे खरे. मात्र साखर आणि मीठ जोडीने आत घेण्याचा एक दरवाजा ते बंद करू शकत नाही. ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आत शिरते आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. नुसते पाणी किंवा नुसते मीठ दिल्याने हे साधत नाही. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६० साली प्राग येथे मांडली.

तिची खरी परीक्षा झाली १९७१ साली, बनगाव येथे. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यावयाच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या, पिंपात द्रावण कालविले आणि ते रोग्यांच्या आप्तांकरवी पाजविले. शंभरांत तीसपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण चारांच्या आत आले.

एवढे असूनही आईचा या पुडीवर विश्वास बसत नाही, आणि त्याला कारण आहे. पुडीने जुलाब लगेच थांबत नाहीत, दिसायला काहीच फरक पडत नाही. मग ‘जालीम’ गोळी मागितली जाते. लोपरामाइड आतड्याची हालचाल मंदावते. लहान मुलांना ते देऊ नये, आणि ताप किंवा रक्त असल्यास मोठ्यांनीही घेऊ नये. एके काळी घरोघरी असणाऱ्या क्लायोक्विनॉलने जपानात दहा हजारांवर माणसांच्या मज्जातंतूंना इजा केली. कित्येकांचे पाय लुळे पडले, काहींची दृष्टी गेली. तेथे १९७० साली त्याची विक्री थांबविली गेली. जंतुनाशके कॉलऱ्यात व रक्ती आवेत कामाची, तीही डॉक्टरांनी ठरवून दिलेली. मुलांचे बरेचसे जुलाब विषाणूंचे असतात, तेथे त्यांचा काडीइतका उपयोग नाही.

मुलांना पुडीबरोबर जस्ताची गोळी मात्र द्यावी : सहा महिन्यांवरील मुलास रोज २० मिलिग्रॅम, त्याखालील तान्ह्यास १०, दहा ते चौदा दिवस, जुलाब थांबले तरीही.

मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पुरी कालवावी. पेलाभर पाण्यात ती ओतली तर दाट द्रावण उलट अंगातलेच पाणी ओढून घेते. कालविलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावे. ओकारी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. अंगावरचे दूध, पेज, मऊ भात चालू ठेवावा. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, मूल मलूल पडून पिईनासे झाले किंवा शौचावाटे रक्त दिसले, तर लगोलग रुग्णालय गाठावे. वाटेतही पाजणे थांबवू नये, मात्र मूल शुद्धीवर असेल तरच.